मॅक्रो लेन्स न घेता मॅक्रो छायाचित्रण

मॅक्रो हा शब्द सैलपणे वापरला जात असला, तरी त्याची व्याख्या काटेकोर आहे. वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा त्या वस्तूच्याच आकाराची असेल, तर आवर्धन १:१ झाले असे मानतात आणि खरे मॅक्रो छायाचित्रण तिथून सुरू होते. कित्येक झूम लेन्सच्या अंगावर मॅक्रो असे छापलेले असते, पण त्या प्रत्यक्षात १:४ किंवा १:३ च्या पुढे जात नाहीत. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आहे. त्यावर १:१ गाठायचे, तर चौकटीच्या पूर्ण रुंदीत वस्तूचा २३.५ मिलिमीटर एवढाच भाग दिसला पाहिजे. एवढे करूनही ६ मिलिमीटर लांबीची माशी चौकटीचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापते. तिच्या डोळ्याची जाळी दाखवायची असेल तर दुप्पट किंवा त्याहूनही अधिक आवर्धन लागते, आणि बहुतेक महागड्या मॅक्रो लेन्स तर १:१ ला थांबतात.

माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८–५५ मिलिमीटरची झूम, ५५–२५० मिलिमीटरची दुसरी झूम आणि फिल्मच्या काळातली, हाताने फोकस करायची ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स अशा तीन लेन्स होत्या. एका विशिष्ट कामापुरती चौथी लेन्स घेण्याआधी या तिघींकडून किती काम करून घेता येते ते पाहावे, असे मी ठरवले. त्यामागे काटकसर होती हे खरेच, पण थोडा इतिहासाचाही आधार होता. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीची पहिली खास मॅक्रो लेन्स म्हणून १९५५ सालच्या किल्फिट मॅक्रो-किलारचे नाव घेतले जाते. अमेरिकेतील व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने मात्र त्याच्या ७० वर्षे आधी, १८८५ मध्येच, भात्याच्या कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून हिमकणाचे छायाचित्र काढले होते. जवळच्या वस्तूची मोठी प्रतिमा मिळवणे ही मुळात भिंग आणि सेन्सर यांच्यातील अंतराची गोष्ट आहे. ते अंतर वाढवण्याचे किंवा त्याला वळसा घालण्याचे मार्ग मोजकेच आहेत आणि ते सगळे जुने आहेत.

कोणताही मार्ग अजमावण्याआधी आवर्धन मोजण्याची पद्धत ठरवून घेतली, कारण डोळ्यांनी केलेला अंदाज या कामात फार फसवा ठरतो. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी चौकटीत आडवी येईल अशी ठेवायची, शक्य तितक्या जवळून छायाचित्र घ्यायचे, चौकटीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते मोजायचे आणि सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागायचे. या मोजणीत १८–५५ झूमने सुमारे ७५ मिलिमीटर दाखवले, म्हणजे आवर्धन ०.३ च्या आसपास. जुन्या ५० मिलिमीटर लेन्सने तर १५० मिलिमीटरच्याही वर दाखवले. पुढे प्रत्येक नव्या जोडणीनंतर पहिले छायाचित्र या पट्टीचेच घ्यायचे, हा परिपाठ मी अजूनही सोडलेला नाही.

सुरुवात लेन्सच्या पुढे स्क्रूसारख्या बसणाऱ्या क्लोज-अप फिल्टरने केली, आणि त्यावर फार वेळ घालवला नाही. हे फिल्टर म्हणजे साधी बहिर्वक्र भिंगे असतात आणि त्यांची शक्ती चष्म्याप्रमाणे डायॉप्टरमध्ये लिहिलेली असते: +१ चे नाभीय अंतर (लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडाही हेच अंतर सांगतो) १ मीटर, +४ चे २५० मिलिमीटर, +१० चे १०० मिलिमीटर. मूळ लेन्स अनंतावर फोकस केली की आवर्धन म्हणजे मूळ लेन्सचे नाभीय अंतर भागिले फिल्टरचे नाभीय अंतर, इतका सरळ हिशेब आहे. त्यानुसार ५५ मिलिमीटरवर +१० लावूनही मिळतात ०.५५. शिवाय एकाच काचेचे स्वस्त फिल्टर कडांना जांभळी-हिरवी किनार आणतात आणि चौकटीचे कोपरे विरघळल्यासारखे करतात. दोन-तीन फिल्टर एकावर एक चढवले की हे दोष त्याच पटीत वाढतात. फुलांसाठी ते चालतात. कीटकाच्या पायावरचे केस मोजायचे असतील तर चालत नाहीत.

त्यानंतर लेन्स उलटी लावण्याचा मार्ग घेतला आणि येथे गोष्टी खऱ्या अर्थाने रंगतदार झाल्या. रिव्हर्स रिंग म्हणजे एका बाजूला कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी खाच) आणि दुसऱ्या बाजूला लेन्सच्या फिल्टरचा आटा असलेली धातूची चकती. तिच्यामुळे लेन्सचे तोंड कॅमेऱ्याकडे आणि पाठ वस्तूकडे होते. वरवर पाहता ही क्लृप्ती वाटते, पण तिच्यामागे नेमके कारण आहे. सामान्य लेन्सची रचना अशी केलेली असते की तिच्या पुढच्या बाजूला दूरचे, मोठे दृश्य असावे आणि मागच्या बाजूला जवळ, लहान प्रतिमा पडावी. आवर्धन १:१ च्या वर गेले की ही भूमिका उलटते, कारण आता लहान आणि जवळची आहे ती वस्तू, तर मोठी आहे ती प्रतिमा. त्यामुळे लेन्सची जी बाजू जवळच्या, लहान प्रतिमेसाठी घडवलेली होती ती वस्तूकडे वळवणे हेच प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने योग्य ठरते.

उलट्या लेन्सचे आणखी एक वैशिष्ट्य असे की नाभीय अंतर जितके लहान, तितके आवर्धन मोठे. माझी ५० मिलिमीटर लेन्स उलटी लावल्यावर पट्टीवर जवळजवळ १:१ आले. २८ मिलिमीटरची लेन्स उलटी लावली तर सुमारे दुप्पट आवर्धन मिळते. १८–५५ झूम उलटी करून ती १८ मिलिमीटरवर नेली, तेव्हा ते तिपटीच्याही पुढे गेले. झूमचे कडे फिरवून आवर्धन कमी-जास्त करता येते ही सोय खरोखरच सुखद आहे. वस्तूपासूनचे अंतर मात्र कोणतीही लेन्स घेतली तरी फारसे बदलत नाही. लेन्सची पाठ आणि सेन्सर यांच्यात मुळात जे अंतर असते, जवळपास तेवढ्याच अंतरावर वस्तू ठेवावी लागते. निकॉन एफ माउंटसाठी ते ४६.५ मिलिमीटर आणि कॅनन ईएफ माउंटसाठी ४४ मिलिमीटर आहे. साडेचार सेंटिमीटरवरून टिपून घ्यायला नाणी, पाकळ्या आणि मिठाचे स्फटिक यांची हरकत नसते, टोळाची असते.

खरी अडचण ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या पात्यांनी लहान-मोठे होणाऱ्या छिद्राची; एफ/ नंतरचा आकडा जितका मोठा, तितके हे छिद्र लहान. लेन्स उलटी केली की कॅमेरा आणि लेन्स यांचा विद्युतसंपर्क तुटतो, त्यामुळे ॲपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. जुन्या लेन्सवर ॲपर्चरचे कडे असल्याने मला हा प्रश्न आलाच नाही: कडे एफ/१.८ वर ठेवून उजळ दृश्यात फोकस साधायचा आणि मग मोजून टक-टक करत एफ/८ पर्यंत आणायचे. कडे नसलेल्या निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सना मागे एक छोटा दांडा असतो, तो सरकवून हव्या त्या ठिकाणी अडकवता येतो. कॅनन ईएफ लेन्ससाठी वेगळा उपाय आहे. लेन्स सरळ लावून ॲपर्चर निवडायचे, डेप्थ ऑफ फील्ड (फोकसच्या पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा) तपासायचे बटण दाबून धरायचे आणि ते दाबलेले असतानाच लेन्स काढायची, म्हणजे पाती त्याच जागी थांबतात. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात याआधी लेन्सशिवाय शटर चालू देण्याची सेटिंग मेनूमध्ये सुरू करावी लागते. ती बंद असेल तर कॅमेरा छायाचित्र घ्यायलाच नकार देतो. एक काळजी मात्र घ्यावी. उलट्या लेन्सची मागची काच आणि संपर्कबिंदू उघडे पडलेले असतात आणि सारा भार फिल्टरच्या बारीक आट्यावर येतो, म्हणून या कामाला हलकी लेन्सच बरी.

एक्स्टेन्शन ट्यूब हा तिसरा मार्ग. ट्यूब म्हणजे आत काच नसलेली पोकळ कडी, लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी. मध्ये काच नसल्यामुळे प्रतिमेत नवा दोष शिरण्याचा प्रश्न नाही. जो दोष दिसतो तो लेन्सचा स्वतःचा, जवळच्या अंतरावर उघडा पडलेला. १२, २० आणि ३६ मिलिमीटर अशा तिघींचा संच सर्रास मिळतो, म्हणजे एकूण ६८ मिलिमीटर. ट्यूबच्या लांबीला नाभीय अंतराने भागले की वाढलेले आवर्धन मिळते, म्हणून ५० मिलिमीटर लेन्सवर पूर्ण संच लावला की १.३६ पट. हाच संच २५० मिलिमीटरवर लावला तर वाढ पाव पटीच्या थोडीच वर जाते. १८ मिलिमीटरवर मात्र गंमत होते. ३६ मिलिमीटरची ट्यूब लावली की हिशेबाने दुप्पट आवर्धन मिळायला हवे, पण फोकसचे प्रतल लेन्सच्या पुढच्या काचेच्याच आत जाऊन बसते आणि बाहेरची कोणतीच वस्तू स्पष्ट दिसत नाही. ५० ते १०० मिलिमीटरच्या दरम्यानची लेन्स ट्यूबसाठी सर्वांत सोयीची, असे माझे मत झाले. विद्युतसंपर्क असलेल्या ट्यूब घेतल्यास नव्या लेन्सचे ॲपर्चर कॅमेऱ्यावरूनच बदलता येते आणि तेवढ्यासाठी त्या घ्याव्यात. ऑटोफोकस चालू राहतो या सोयीचा मात्र मला कधी उपयोग झाला नाही.

आतापर्यंतच्या खटपटीतून आवर्धन मिळवणे तुलनेने सोपे आहे, हे स्पष्ट झाले होते. ते मिळवल्यानंतर ज्या गोष्टी हातातून निसटतात, त्या सावरण्यात बाकीचे सगळे श्रम गेले, आणि त्या बाबतीत माझी जुनी ५० मिलिमीटर लेन्स आणि अत्यंत महागडी मॅक्रो लेन्स एकाच पंगतीत बसतात.

पहिली गोष्ट म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. एपीएस-सी सेन्सरसाठी ०.०२ मिलिमीटर हा नेहमीचा निकष धरला, म्हणजे सेन्सरवर तेवढ्यापर्यंत पसरलेला बिंदू स्पष्टच मानला, तर १:१ वर एफ/८ ठेवून स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे ०.६४ मिलिमीटर जाडीचा असतो. दुप्पट आवर्धनावर तोच ०.२४ मिलिमीटर होतो. म्हणजे मुंगीच्या पुढच्या डोळ्यावर फोकस साधला तर मागचा डोळा धूसर. मग ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ पर्यंत का मिटू नये, असे साहजिकच वाटते. परंतु भिंग सेन्सरपासून दूर गेले की प्रत्यक्षात लागू पडणारे ॲपर्चर कड्यावरच्या आकड्यापेक्षा लहान होते. स्थूलमानाने, कड्यावरचा आकडा गुणिले (आवर्धन अधिक एक). एफ/८ हे १:१ वर एफ/१६ सारखे वागते आणि एफ/१६ हे एफ/३२ सारखे. एफ/३२ वर प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, एका बिंदूचा ठिपका ४० मायक्रॉनहून मोठा होतो, तर २४ मेगापिक्सेलच्या माझ्या सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा आहे. पट्टा जाड झाला तरी त्यातील प्रत्येक गोष्ट मऊ पडते. एकाच पाकळीची एफ/५.६ पासून एफ/२२ पर्यंतची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडून पाहिल्यानंतर मी १:१ साठी एफ/८ आणि त्याहून मोठ्या आवर्धनासाठी एफ/५.६ हे जवळजवळ कायमचे ठरवून टाकले. मिटलेल्या ॲपर्चरमध्ये सेन्सरवरची धूळही काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उठून दिसते, आणि ट्यूब वारंवार काढ-घाल करणाऱ्याच्या सेन्सरवर ती असतेच.

दुसरी गोष्ट प्रकाश. एफ/१६ सारखे वागणारे ॲपर्चर म्हणजे एफ/८ च्या तुलनेत चौथाईच प्रकाश. त्यात हाताची थरथर मिळवा. १:१ वर कॅमेरा आडवा ०.१ मिलिमीटर सरकला तर प्रतिमाही ०.१ मिलिमीटर, म्हणजे २५ पिक्सेल सरकते. कॅमेऱ्यातील कंपनरोधक यंत्रणा मुख्यतः कोनीय हालचाल सावरते, त्यामुळे अशा सरळ सरकण्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही. उन्हातही शटर इतके वेगवान ठेवणे जमत नाही, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवून मिळवलेले छायाचित्र दाणेदार होऊन नेमका तोच बारीक तपशील गिळते ज्यासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो. यावर फ्लॅश हाच खरा उपाय आहे. साधा जोडफ्लॅश कमी शक्तीवर चालवला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. शटर १/२०० वर असले तरी प्रत्यक्षात छायाचित्र घडते ते त्या लखलखाटात, म्हणून हाताची थरथर आणि कीटकाच्या मिशांची हालचाल दोन्ही गोठतात.

मात्र नुसत्या फ्लॅशने काढलेले छायाचित्र पाहवत नाही. भुंग्याच्या पाठीवर एकच पांढरा डाग आणि बाकी सारे काळे, असा तो प्रकार असतो. प्रकाश मऊ आहे की कठोर, हे स्रोत वस्तूच्या दृष्टीने किती मोठा दिसतो यावर ठरते, आणि येथे वस्तूचा लहानपणा आपल्या बाजूने काम करतो. माणसासाठी जिथे छत्रीएवढा पडदा लागेल, तिथे कीटकासाठी वहीच्या पानाएवढा बटर पेपर पुरतो, फक्त तो अगदी जवळ, दहा सेंटिमीटरच्या आत असला पाहिजे. मी जाड पुठ्ठ्याची एका टोकाला रुंद होत जाणारी पेटी करून आतून पांढरा कागद चिकटवला, उघड्या तोंडाला बटर पेपरचे दोन थर मध्ये फट ठेवून लावले आणि ती फ्लॅशवर अशी बसवली की तिचे तोंड लेन्सच्या टोकावरून पुढे झुकेल. दोन थरांमधली फट महत्त्वाची आहे. एकच थर असला तर फ्लॅशचा तेजस्वी मधला भाग तसाच आरपार दिसतो आणि प्रत्येक चकचकीत पाठीवर त्याचे प्रतिबिंब उमटते. पडदा जवळ आणल्याचा दुसराही लाभ होतो. अंतर निम्मे झाले की प्रकाश सुमारे चौपट मिळतो, त्यामुळे फ्लॅशची शक्ती उतरवता येते, लखलखाट आणखी अल्पजीवी होतो आणि फ्लॅश पुढच्या छायाचित्रासाठी चटकन तयार होतो. माझ्या छायाचित्रांत जेवढा फरक या पुठ्ठ्याच्या पेटीने पडला, तेवढा कोणत्याही लेन्सने किंवा ट्यूबने पडला नाही.

फ्लॅशच्या प्रकाशात मागची बाजू काळीठिक्कर होते, ती काही वेळा शोभते आणि बहुतेक वेळा दिवसा काढलेले छायाचित्र रात्रीचे भासवते. वस्तूच्या मागे पाच-सात सेंटिमीटरवर एखादे पान येईल अशी जागा निवडली की त्यावरही प्रकाश पडतो आणि मागे हिरवा, मवाळ रंग मिळतो.

फोकस साधण्याची रीत मुद्दाम शिकावी लागते. लेन्सचे फोकसचे कडे फिरवले की आवर्धनही बदलते, म्हणून कड्याला हात न लावता, आवर्धन आधी ठरवून, सबंध कॅमेराच पुढे-मागे न्यायचा. कोपर शरीराला किंवा जमिनीला टेकवून, श्वास सोडता सोडता हळूहळू पुढे झुकायचे आणि डोळा स्पष्ट होण्याच्या किंचित आधी शटर दाबायचे. वस्तू ज्या फांदीवर असेल ती फांदी डाव्या हाताने धरून त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवली, तर कॅमेरा आणि वस्तू एकत्रच हलतात. वाऱ्याच्या दिवशी याखेरीज दुसरा उपाय मला सापडलेला नाही. फुलपाखरासारख्या चपट्या विषयाच्या बाबतीत सेन्सर पंखाला समांतर ठेवला की ०.६४ मिलिमीटरचा पट्टा पुरून उरतो, आणि पंखावरचे साधारण ०.१ मिलिमीटरचे खवले ओळीने दिसू लागतात.

विषय स्थिर असेल तर फोकस स्टॅकिंग करता येते. कॅमेरा तिपाईवरच्या सरकत्या पट्टीवर बसवून दर वेळी डेप्थ ऑफ फील्डपेक्षा थोडे कमी, १:१ वर ०.४ मिलिमीटर, पुढे न्यायचा आणि छायाचित्र घ्यायचे. १० मिलिमीटर खोलीच्या वस्तूला अशी पंचवीसेक छायाचित्रे लागतात. मग हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर यांसारख्या सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग एकत्र करायचा. हगिन या छायाचित्रे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणारी अलाइन इमेज स्टॅक आणि एनफ्यूज ही मुक्त साधनेही हे काम करतात, फक्त आज्ञा टाइप कराव्या लागतात. बिया, कीटकांनी टाकलेल्या काती, वाळलेली फुले यांच्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. जिवंत कीटकांना यासाठी थंड करून सुन्न करण्याची शिफारस काही जण करतात. ती मला मान्य नाही. पहाटे गारव्यात बहुतेक कीटक आपोआपच मंद असतात, आणि दव अंगावर असेपर्यंत जागा सोडत नाहीत.

सरतेशेवटी जिवंत विषयांसाठी माझ्या हाती स्थिरावली ती जोडणी यांपैकी कोणतीच नव्हे, तर ५५–२५० झूमच्या पुढे लावलेले अवर्णक क्लोज-अप भिंग. साध्या फिल्टरमधील एकाच काचेऐवजी येथे दोन किंवा तीन काचा एकत्र बसवून रंगांची किनार काढून टाकलेली असते. रेनॉक्स डीसीआर-२५० हे अशा भिंगांपैकी सर्वांत परिचित. त्याची शक्ती +८ डायॉप्टर, म्हणजे नाभीय अंतर १२५ मिलिमीटर. वर सांगितलेल्या भागाकाराने २५० मिलिमीटरवर दुप्पट आणि १२५ मिलिमीटरवर १:१ आवर्धन मिळते, ऑटोफोकस बंद ठेवला तरी ॲपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येते, आणि वस्तूपासूनचे अंतर सुमारे १२ सेंटिमीटर राहते. उलट्या लेन्सच्या अडीच पटींहून जास्त असलेले हे अंतर टोळाला पुरेसे असते. चिमटीत दाबून ते क्षणात लावता-काढता येते, त्यामुळे सेन्सर उघडा पडत नाही. कोपऱ्यांची धार उलट्या ५० मिलिमीटरइतकी नाही हे पट्टीच्या छायाचित्रात दिसते, पण कीटक कोपऱ्यात क्वचितच बसवला जातो. नाणी, स्फटिक, छापील कागदावरचे ठिपके अशा सपाट आणि निश्चल गोष्टींसाठी मी अजूनही उलटी लेन्सच वापरतो.

खास मॅक्रो लेन्स याहून काय अधिक देते, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अनंतापासून १:१ पर्यंत काहीही न काढता-लावता सलग फोकस होतो, चौकट कडेपासून कडेपर्यंत सपाट आणि धारदार राहते, आणि १०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये पुढच्या काचेपासून वस्तूपर्यंत बरीच मोकळी जागा मिळते. रोज हेच काम करणाऱ्याने ती अवश्य घ्यावी.

माझ्या मार्गाने मात्र १:१ च्या पलीकडे जाणे सोपे पडते. झूम २०० मिलिमीटरवर ठेवून तिच्या पुढे दोन्ही बाजूंना आटा असलेल्या कड्याने ५० मिलिमीटर लेन्स उलटी जोडली की चौपट आवर्धन मिळते. उलटी लेन्स पूर्ण उघडी ठेवून ॲपर्चर झूमचेच मिटायचे, आणि चौकटीचे कोपरे काळे पडतात ते कापून टाकायचे. त्याच ५० मिलिमीटरच्या जागी अनंतासाठी दुरुस्त केलेले चौपटीचे सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडचे भिंग) बसवले तर कोपरे सुधारतात, परंतु तेथे डेप्थ ऑफ फील्ड मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते आणि सरकत्या पट्टीच्या स्क्रूला पाव फेरादेखील जास्त होतो.